दिवा तोच, वेळ तीच, मग यूव्ही दिलेले बीजाणू कधी मरतात आणि कधी का वाचतात?

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यांनी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं आहे आणि गावच्या शेतकरी गटासाठी ट्रायकोडर्मा, म्हणजे पिकांच्या रोगांना अडवणारी उपयोगी बुरशी, तयार करणारी छोटी लॅब ते चालवतात. गटातले द्राक्षबागायतदार कार्बेन्डाझिमही वापरतात, म्हणून त्यांना ते बुरशीनाशक सहन करणारा ट्रायकोडर्मा हवा आहे. त्यासाठी ते लॅमिनारमधल्या (निर्जंतुक हवेत काम करायच्या कपाटातल्या) यूव्ही दिव्याखाली बुरशीचे बीजाणू ठेवतात. दिवा तोच, अंतर तेच, पाच मिनिटंही तीच. तरी एके दिवशी शंभरातले पंचाण्णव बीजाणू मरतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मेसुद्धा मरत नाहीत. हाती लागलेले म्यूटंट, म्हणजे डीएनए बदलून औषध सहन करू लागलेले नमुने, दोन-तीनदा नव्या प्लेटवर घेतले की पुन्हा मूळ पदावर येतात. बुरशी आपला डीएनए स्वतःच दुरुस्त करते असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यावर ते विचारतात: बिघाड नेमका कुठे झालाय हे बुरशीला कळतं कसं? आणि यूव्हीचा हा खेळ सोडून लासलगावच्या कांदा-विकिरण केंद्रात गॅमा किरण देऊन आणले तर?

मी नाशिकमध्ये बावीस वर्षं ट्रायकोडर्मा आणि किडींना मारणाऱ्या बिव्हेरिया, मेटारायझियम या बुरशी वाढवण्याच्या कामात आहे. तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली, कारण याच ठिकाणी मीही अडले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारताय की दिवा कधी जास्त आणि कधी कमी का मारतो. दिवा बहुतेक रोज सारखंच काम करतोय. फरक पडतो तो दिवा बंद केल्यानंतरच्या काही तासांत. यूव्ही फक्त जखम करतो. ती जखम भरून येणार, चुकीची भरणार की जीव घेणार, हे बीजाणूच्या आतली यंत्रणा ठरवते. तुम्हाला जे म्यूटेशन हवंय ते म्हणजे चुकीची भरलेली जखम. त्यामुळे मोजायचे आणि सांभाळायचे आहेत ते दिव्यानंतरचे तास.

आधी जखम कशी असते ते पाहू. लॅमिनारमधल्या दिव्याचा मुख्य किरण २५४ नॅनोमीटरचा असतो आणि डीएनए जो प्रकाश सर्वांत जास्त शोषतो तो याच्या अगदी शेजारचा, २६० च्या आसपासचा. हा प्रकाश शोषला गेला की डीएनएच्या एकाच धाग्यावर शेजारी-शेजारी बसलेले दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन (ही डीएनएची अक्षरं), एकमेकांना चिकटतात. जपमाळेतले दोन मणी मेणाने चिकटावेत आणि जप करताना बोट तिथे अडावं, तसं. या जोडीला डायमर म्हणतात. चिकटण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत: सायक्लोब्युटेन डायमर आणि सिक्स-फोर. पहिली तऱ्हा जास्त प्रमाणात होते, पण तिने डीएनएचा पीळ फारसा बिघडत नाही. दुसरी कमी होते, पण पीळ चांगलाच वाकवते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणखी एक, २५४ चा किरण सूर्याकडून आपल्यापर्यंत पोचत नाही, ओझोन तो अडवतो. पण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा यूव्ही-बी काही प्रमाणात पोचतो आणि तोही हेच डायमर करतो, फक्त सावकाश. म्हणजे एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या दिवसांत दुपारी पानावर पडलेल्या बीजाणूचं दुखणं तुमच्या लॅमिनारमधल्या बीजाणूसारखंच असतं.

आता माझी हकीकत. तेव्हा मी सातपूरच्या एका लॅबमध्ये नवीन होते. सकाळच्या बॅचमध्ये बीजाणू भरपूर वाचायचे, संध्याकाळच्या बॅचमध्ये जवळजवळ सगळे मरायचे. माझं पिपेटिंग चुकतंय असं मला सांगण्यात आलं आणि महिनाभर मीही तेच मानलं. मोजण्या पुन्हा केल्या, पिपेट बदलले, ट्वीन-८० (बीजाणू पाण्यात सुटे करणारं साबणासारखं द्रव्य) नवीन आणलं. शेवटी एकदा यूव्ही दिलेल्या प्लेटची चळत टेबलाच्या कडेला राहिली आणि वर एक फाईल पडली. फाईलने वरची प्लेट अर्धी झाकली गेली होती. दोन दिवसांनी ती उघडली तेव्हा एका बाजूला पांढऱ्या वसाहतींची गर्दी होती आणि दुसऱ्या बाजूला मोजून सात. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. टेबल पूर्वेच्या खिडकीशी होतं आणि सकाळी ऊन थेट त्यावर यायचं. पिपेटचा काही दोष नव्हता.

माझ्या आधी अर्धशतक अमेरिकेत अल्बर्ट केल्नर याच गोष्टीशी झुंजले होते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रीसियसच्या बीजाणूंना ते यूव्ही देत होते. स्ट्रेप्टोमायसिस बुरशीसारखा तंतू काढत असला तरी तो जिवाणू आहे. बीजाणू वाचण्याचं प्रमाण त्यांना कधी प्रचंड, कधी नगण्य मिळायचं. आधी त्यांना संशय आला तापमानाचा. अखेर लक्षात आलं की साधा दृश्य प्रकाश मेल्यात जमा झालेल्या बीजाणूंना परत आणतोय. हे त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास रेनातो दुल्बेको यांना जिवाणूंच्या विषाणूंमध्ये हेच दिसलं. पुढे यामागचं एन्झाइम सापडलं, ते फोटोलायेज. त्याची कार्यपद्धती उलगडणाऱ्या अझीझ सँकार यांना २०१५ मध्ये टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

फोटोलायेजचं काम इतकं नेटकं आहे की मला अजून त्याचं नवल वाटतं. हे एन्झाइम डीएनएवरून सरकत जातं, डायमर भेटला की ती चिकटलेली जोडी पिळातून बाहेर काढून आपल्या खोबणीत घेतं आणि थांबतं. त्याच्या पोटात फ्लेव्हिनचा एक रेणू असतो. निळा किंवा जांभळट प्रकाश पडला की हा फ्लेव्हिन एक इलेक्ट्रॉन डायमरला देतो, जोडी सुटते, इलेक्ट्रॉन परत येतो आणि दोन्ही थायमिन होते तसे होतात. काही कापलं जात नाही, काही नवीन लिहिलं जात नाही. म्हणूनच ही दुरुस्ती बिनचूक असते आणि म्हणूनच म्यूटंट शोधणाऱ्या माणसाच्या ती मुळावर येते. उजेडात ठेवलेले बीजाणू भरपूर वाचतात, पण पूर्वीसारखेच होऊन वाचतात. माणसात हे एन्झाइम नाही. बुरशीत आहे.

ट्रायकोडर्मा तर उजेडाच्या बाबतीत फार सजग आहे. अंधारात वाढलेली प्लेट पांढरी राहते. तिला निळ्या प्रकाशाचा थोडा वेळ स्पर्श झाला की एक-दोन दिवसांत, वाढीची कड त्या वेळी जिथे होती तिथे, हिरव्या बीजाणूंचं कडं उमटतं. खिडकीतल्या प्लेटवर दिवस-रात्रीची वर्तुळं तुम्ही पाहिली असतीलच. हा प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांना ट्रायकोडर्मात बीएलआर-१ आणि बीएलआर-२ म्हणतात. न्यूरोस्पोरा या बुरशीत त्यांची भावंडं म्हणजे व्हाइट कॉलर-१ आणि २. बीजाणू करण्याचा हुकूम देणारी हीच प्रथिनं फोटोलायेजचं जनुकही चालू करतात. त्यात मोठा अर्थ आहे. उजेड दिसला म्हणजे बुरशी पृष्ठभागावर आली आणि ऊन लागणार, तेव्हा जखम होण्याआधीच दुरुस्तीचं साहित्य तयार ठेवायचं. मेटारायझियममध्ये तर दिसून आलं आहे की उजेडात वाढवलेल्या कल्चरचे बीजाणू अंधारात वाढवलेल्यांपेक्षा यूव्ही जास्त सोसतात. त्यामुळे तुमचा एक स्लॅन्ट (तिरक्या आगरवर कल्चर वाढवलेली नळी) कपाटात आणि दुसरा खिडकीत वाढला असेल, तर दिव्याखाली जाण्याआधीच त्या दोघांत फरक पडलेला आहे.

मग अंधारात काय होतं? इथे तुमचा मुख्य प्रश्न येतो, की कळतं कसं.

ट्रायकोडर्माच्या एका केंद्रकात साडेतीन-चार कोटी अक्षरांचा डीएनए असतो. त्यात चिकटलेली दोन अक्षरं शोधायची. सगळा डीएनए क्रमाने वाचत बसणारा कुणी पहारेकरी तिथे नाही. ओळखण्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाट जखमेचा वेगळा परिणाम पकडते.

पहिली वाट आहे पीळ चाचपण्याची. यीस्टमध्ये रॅड-४ आणि माणसात एक्सपीसी नावाचं प्रथिन डीएनएवरून हात फिरवत जातं. त्याला डायमर दिसत नाही, त्याला सैलपणा जाणवतो. दोन धाग्यांची जिथे नीट जोडी जमत नाही तिथे ते आपली एक बोटासारखी घडी आत खुपसतं. मग एक मोठी जुळणी येते, डीएनए उकलते आणि खरंच जखम आहे ना याची खातरजमा करते. खात्री झाली की जखमेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन पंचवीस-तीस अक्षरांचा तुकडाच काढून टाकला जातो आणि समोरच्या धाग्यावरून नवा लिहिला जातो. पुस्तकांत याला एक्सिजन रिपेअर म्हणतात, आपण कापून-दुरुस्ती म्हणू. पीळ जास्त वाकवणारा सिक्स-फोर या चाचपणीत लवकर सापडतो. सायक्लोब्युटेन डायमर पीळ फारसा बिघडवत नाही, म्हणून उशिरा सापडतो. माणसात ही यंत्रणा जन्मतः बिघडलेली असेल तर साधं ऊनही सोसत नाही, इतकी ती मूलभूत आहे.

दुसरी वाट म्हणजे काम करता करता अडखळणं. जनुक वाचून आरएनए बनवणारं एन्झाइम डायमरपाशी थबकतं आणि ते थबकणं हीच खूण ठरते. कापून-दुरुस्तीची टोळी थेट तिथे येते. त्यामुळे वापरात असलेली जनुकं आधी दुरुस्त होतात, पडून असलेली नंतर. उगवायला निघालेल्या बीजाणूत कोणती जनुकं चालू आहेत, यावरसुद्धा कुठली जखम आधी भरणार हे ठरतं.

तिसरी गोष्ट काही बुरशींची खास आहे. न्यूरोस्पोरा क्रासामध्ये यूव्हीडीई नावाचं एक एन्झाइम आहे. ते डायमरच्या लगेच आधी एकाच बाजूने धागा कापतं आणि तिथून दुरुस्ती सुरू होते. ही वाट यीस्टच्या एका जातीतही आहे, पण आपल्या पावाच्या यीस्टमध्ये नाही. म्हणूनच यीस्टवर शिकलेलं सगळं तंतूवाल्या बुरशीला जसंच्या तसं लावता येत नाही, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

या सगळ्यातून सुटलेली जखम डीएनएची नक्कल सुरू होईपर्यंत राहिली, तर खरा गजर वाजतो. नक्कल करणारी यंत्रणा डायमरपाशी अडते, पण धागे उकलणारं पुढचं एन्झाइम पुढे जात राहतं. त्यामुळे मध्ये एकेरी धागा उघडा पडतो. त्यावर आरपीए नावाचं प्रथिन चढतं आणि या आरपीए चढलेल्या उघड्या धाग्यालाच एटीआर हे किनेज ओळखतं. अस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत त्याच्या जनुकाचं नाव यूव्हीएस-बी आणि त्याच्या साथीदाराचं यूव्हीएस-डी. यूव्हीने पटकन मरणारे म्यूटंट शोधताना ही जनुकं हाती लागली, म्हणून ती नावं. डीएनएचे दोन्ही धागे तुटले असतील तर टोकांवर एमआरएन नावाचं तीन प्रथिनांचं कडबोळं बसतं आणि एटीएम हे दुसरं किनेज जागं होतं. ही किनेज पुढच्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत जातात आणि निरोप एकच पोचतो: थांबा, आत्ता विभाजन नको. अस्परजिलसच्या कोवळ्या तंतूत डीएनए जखमी असेल तर आडवा पडदाही उशिरा पडतो. म्हणजे केंद्रकातली बातमी थेट भिंत बांधणाऱ्यापर्यंत जाते. न्यूरोस्पोरात तर याच साखळीतलं पीआरडी-४ हे प्रथिन बुरशीचं दिवस-रात्रीचं घड्याळही पुढे सरकवतं.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावर उभं आहे. उजेडात फोटोलायेज बिनचूक सोडवणूक करतं. अंधारात कापून-दुरुस्ती चालते, तीही बरीचशी बिनचूक, पण तिला वेळ लागतो. आणि वेळ मिळवून देण्याचं काम एटीआर-एटीएमचा गजर करतो.

मग म्यूटेशन कुठून येतं? वेळ संपल्यावर. डायमर जागेवरच आहे आणि नक्कल तर पुरी करायची आहे, अशा वेळी पेशी वेगळी पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल लिहिणारं एन्झाइम, आणते. तिला जखमेवरून उडी मारता येते, पण समोर कोणतं अक्षर लिहायचं यात ती चुकू शकते. सायटोसिन असलेल्या डायमरपाशी सायटोसिनच्या जागी थायमिन येणं ही यूव्हीची ओळखीची खूण आहे. यीस्टमध्ये या उडीसाठी लागणारं रेव्ह-३ जनुक काढून टाकलं तर यूव्ही देऊनही म्यूटंट जवळजवळ मिळत नाहीत. दिवा तेवढाच, डायमर तेवढेच, तरी म्यूटेशन नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग हा आहे.

आता तुमच्या पंचाण्णव आणि पन्नासच्या कोड्याकडे या. माझा पहिला संशय उजेडावर आहे. दिवा बंद केल्यावर तुम्ही ट्यूबलाइट लावून डायल्यूशन करत, म्हणजे बीजाणूंचा द्रव पातळ करत असणार. ट्यूबच्या प्रकाशातही निळा भाग पुरेसा असतो. एखाद्या दिवशी काम दहा मिनिटांत उरकलं आणि एखाद्या दिवशी फोन आला म्हणून तासभर लागला, तर निकाल बदलणारच. दुसरा संशय थांबण्याच्या वेळेवर. यूव्ही दिलेले बीजाणू नुसत्या पाण्यात राहिले तरी विभाजन न होता कापून-दुरुस्तीला मोकळा वेळ मिळतो आणि जास्त बीजाणू वाचू शकतात. लगेच पीडीएवर (बटाट्याच्या आगरवर) टाकले तर ते खाऊन पिऊन विभाजनाच्या मागे लागतात. तिसरं, बीजाणूंचं वय आणि दाटी. गुठळ्या राहिल्या तर वरचे बीजाणू खालच्यांवर सावली धरतात, आणि हिरवा रंगही थोडं संरक्षण देतो. चौथं, दिवा जुना झाला की निळा दिसत राहतो पण २५४ चा किरण कमी होतो. मात्र याने निकाल महिन्या-महिन्याने सरकतो, दिवसा-दिवसाला उड्या मारत नाही. तुमच्याकडे यातलं नेमकं काय घडतंय हे तुमची खोली पाहिल्याशिवाय सांगणं बरोबर नाही, पण पैज लावायची झाली तर मी उजेडावर लावेन.

मी काय करते ते सांगते. एकाच वयाचे, सात ते दहा दिवसांचे, सारख्या उजेडात वाढलेले स्लॅन्ट घेते. बीजाणू ०.१ टक्का ट्वीन-८० मध्ये उतरवून निर्जंतुक कापसातून गाळते, म्हणजे तंतूंचे तुकडे मागे राहतात. मिलिलिटरला साधारण दहा लाख बीजाणू ठेवते. दहा मिलिलिटर द्रव पेट्रीडिशमध्ये पातळ पसरते आणि झाकण काढते. काचेचं असो की प्लॅस्टिकचं, झाकण हा किरण अडवतं, त्यामुळे झाकण ठेवून दिलेली पाच मिनिटं वायाच जातात. दिवा आधी अर्धा तास चालू ठेवते. यूव्ही देताना द्रव सतत ढवळत ठेवते. अर्धा, एक, दोन, तीन, पाच अशा मिनिटांना नमुने काढते आणि तिथून पुढे सगळं काम लाल दिव्यात करते. नमुन्याच्या नळ्या फॉइलमध्ये आणि बर्फात, प्लेटिंग ठरलेल्या वेळेत, प्लेट लगेच काळ्या कागदात गुंडाळून अठ्ठावीस अंशांवर. छत्तीस तासांनी मोजते, कारण ट्रायकोडर्मा त्याहून जास्त थांबू देत नाही, एक वसाहत दुसरीवर चढते. अंधारातल्या प्लेट पांढऱ्या दिसतील, त्यांना काही झालेलं नाही. मोजणी झाल्यावर उजेडात काढा, हिरव्या होतील. आणि दिवा चालू असताना हात-डोळे त्याच्यासमोर नेऊ नका. नमुना काढताना दिवा बंद करा किंवा त्या किरणासाठीचा चष्मा आणि हातमोजे घाला. डोळ्यांची आग रात्री सुरू होते, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्यूटंट परत मूळ पदावर का येतात, हे आता तुम्हाला ओळखता येईल. डायमर एकाच धाग्यावर असतो. नक्कल होते तेव्हा जखमी धाग्यावरून चुकीची प्रत निघते आणि समोरच्या निर्धोक धाग्यावरून बरोबर. म्हणजे एका बीजाणूतून निघालेल्या तंतूत पहिल्या विभाजनानंतर एक केंद्रक बदललेलं आणि एक मूळचं असतं. साध्या पेशीत ही दोन वेगळी झाली असती. तंतूवाल्या बुरशीत दोन्ही एकाच रसात राहतात, वाढतात, पसरतात. कार्बेन्डाझिमच्या प्लेटवर बदललेली केंद्रकं सगळ्या तंतूला तगवतात. साध्या पीडीएवर नेलं की मूळची केंद्रकं पुढे निघतात आणि तुम्ही आगरचा तुकडा कापून नवी प्लेट लावली, तर त्या तुकड्यात त्यांचंच राज्य असतं. उपाय एकबीजाणू वेगळा करण्याचा. ट्रायकोडर्माच्या बीजाणूत बहुतेक वेळा एकच केंद्रक असतं, म्हणून बीजाणू हीच नैसर्गिक चाळणी आहे. हिरवे बीजाणू उतरवा, विरळ पसरा, सुट्या वसाहती उचला. असं तीनदा करा. मग औषध नसलेल्या पीडीएवर पाच वेळा फिरवून पुन्हा कार्बेन्डाझिमवर तपासा. जो टिकला तो तुमचा. न्यूरोस्पोराच्या मोठ्या बीजाणूंत अनेकदा दोन-तीन किंवा जास्त केंद्रकं असतात, त्यामुळे तिथे हेच काम जास्त किचकट होतं.

आता लासलगाव. तिथलं केंद्र कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतं, आणि मात्रा असते साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). एवढ्या मात्रेत कांद्याच्या कोंबातल्या विभाजित होऊ पाहणाऱ्या पेशी थांबतात. पण त्याच कांद्यावरची काळी बुरशी, म्हणजे अस्परजिलस नायजर, एवढ्याने हटत नाही. बुरशी आटोक्यात आणायला हजार ग्रे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून विकिरण केलेल्या कांद्यालासुद्धा कोरडी, हवेशीर चाळ लागतेच. म्हणजे कांद्याच्या मात्रेत तुमचे बीजाणू जाऊन आले तर फारसं काही हाती लागणार नाही. शिवाय गॅमाची जखम वेगळी असते. तिथे दोन्ही धागे तुटतात. यीस्ट अशी तूट शेजारच्या सारख्या प्रतीवरून पाहून भरणं पसंत करतं. तंतूवाल्या बुरशी मात्र बहुधा केयू नावाच्या प्रथिनांनी टोकं धरून सरळ जोडून टाकतात, त्यात अक्षरं गळतात, तुकडे उलटसुलट होतात. सुप्त बीजाणूत तर पाहून भरायला दुसरी प्रतच नसते. न्यूरोस्पोरात २००४ मध्ये जपानी संशोधकांनी केयूची जनुकं काढून टाकली, तेव्हा बाहेरून दिलेलं जनुक हव्या त्या जागी बसण्याचं प्रमाण दहा-तीस टक्क्यांवरून जवळपास शंभरावर गेलं, इतकी ही सरळ जोडणी एरवी वरचढ असते. कार्बेन्डाझिम सहन करायला बीटा-ट्युब्युलिनच्या (कार्बेन्डाझिम ज्या प्रथिनावर घाव घालतं त्याच्या) जनुकात एखादंच अक्षर बदलावं लागतं. त्यासाठी अक्षर बदलणारा यूव्ही बरा, तुकडे पाडणारा गॅमा नव्हे.

खरं सांगायचं तर मी आधी यूव्हीशिवायच प्रयत्न केला असता. दहा-वीस कोटी बीजाणू थेट कार्बेन्डाझिमच्या प्लेटवर पसरा. निसर्गतः झालेला बदल त्यात सापडण्याची चांगली शक्यता असते, आणि अशा वेगळ्या केलेल्या बुरशीत इतर नको ते बदल कमी असतात. यूव्ही म्यूटंट घेतलात तर फ्युजॅरियम आणि स्क्लेरोशियम या रोगकारक बुरशींसमोर दुहेरी प्लेट (दोन्ही एकाच प्लेटवर समोरासमोर) लावून त्याचा जोर तपासल्याशिवाय बागेत नेऊ नका. औषध सहन करणारे पण रोगाला न अडवणारे म्यूटंट मी बरेच फेकले आहेत. विक्री करणार असाल तर नोंदणी कोणत्या स्ट्रेनची आहे तेही आधी पाहा.

गटातल्या शेतकऱ्यांना यातलं एक लगेच सांगता येईल. ट्रायकोडर्मा ड्रिपमधून मुळाशी जातो, तिथे उन्हाचा प्रश्न फारसा नाही. पण मिलीबगसाठी बिव्हेरिया किंवा मेटारायझियम फवारत असतील तर ते सूर्य कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असं फवारावं. रात्रीचा दमटपणा उगवायला मदत करतो आणि तोवर झालेल्या जखमा भरायला कापून-दुरुस्तीला आठ-दहा तास मिळतात. भर दुपारी उजेडात फोटोलायेजही चालू असतं हे खरं, पण तेव्हा एक जखम सुटते तोवर नवीन होत राहतात.

आणि उद्या एवढंच करून पाहा. एका प्लेटवर बीजाणू पसरा, झाकण काढून दोन मिनिटं यूव्ही द्या, लगेच झाकण लावून अर्ध्या भागावर फॉइल चढवा. तासभर ट्यूबलाइटखाली ठेवा आणि मग सगळी प्लेट गुंडाळून इन्क्युबेटरमध्ये. दोन दिवसांनी दोन्ही अर्ध्यांतल्या वसाहती मोजा आणि ते दोन आकडे मला कळवा. फरक दिसला नाही तर आपण दिव्याकडे आणि गुठळ्यांकडे पाहू.